लोणी व्हायच्या आधी

१ जानेवारी २०१९, मंगळवार

डेअरीवाल्याने यंदा दूध घालणाऱ्या सगळ्यांना डायरी वाटली. माझ्या हातात देताना म्हणाला, "धोंडीमावशी, म्हशीचा चारा लिहून ठेवायला होईल." मी चारा लिहिणार नाही. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले, नंतर गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत अंगणवाडीत मदतनीस होते. माझं अक्षर तिथल्या बाईंपेक्षा चांगलं होतं आणि ते बाईंनाही माहीत होतं. असं अक्षर कडब्यावर कोण खर्च करील?

लिहायला दुसरं कारण आहे. दिवाळीपासून आमच्या वेवजीत जमीन हलते. आधी पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, कौलं खडखडतात, कोंबड्या ओरडतात आणि सगळं थांबतं. पहिल्यांदा सगळे देवाला नवस बोलले, आता नुसते अंगणात येऊन उभे राहतात. माझा मुलगा प्रविण वापीला कंपनीत आहे. तिथे त्याची भाड्याची खोली आहे. तो काल फोनवर म्हणाला, "आई, लग्नसराई संपली की घर बंद करू. म्हैस विकू. तू आणि दक्षा इकडे या." मी "बघू" म्हटलं. फोन ठेवून चांदरीला पाणी दाखवायला गेले. चांदरी म्हणजे आमची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून चांदरी. आमचे हे गेले त्या वर्षी ती एवढीशी पारडी होती.

दक्षा माझी सून. उंबरगावकडची, त्यामुळे अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलते आणि दोन्ही मोठ्याने बोलते. शेत, भाताचं आवण, गवत यातलं तिला काही येत नाही. लग्नाला दोन पावसाळे झाले. ती वापीला जायला टपून बसली असणार, तिच्या वयाची कोण नसते? तसं तोंडाने बोलत मात्र नाही. ताकास तूर लागू देत नाही.

९ जानेवारी, बुधवार

आज नवल झालं. वापीच्या खोलीतला फ्रिज टेम्पोतून इकडे आला. दक्षाने मागवला. तिच्या बापाने लग्नात दिलेला फ्रिज, आतापर्यंत प्रविण तिकडे वापरत होता. मी विचारलं, "तो काय वापरील आता?" तर म्हणते, "ते माठातलं पाणी पितील, आई. त्यांना सर्दी होते ने."

मला वाटतं इथे गिऱ्हाईक बघून विकायचा असेल. तलासरीत जुन्या फ्रिजला भाव येतो म्हणतात. मला काय करायचं आहे? जागा मात्र माझ्या भाताच्या कणगीची गेली.

फ्रिज केकसाठी आहे असं ती सांगते. माहेरी असताना तिने केकचा क्लास केला होता. आता आमच्याकडेही वाढदिवसाला, हळदीला, बारशाला केक लागतो. लोक तो डहाणूहून आणतात, येईपर्यंत एका बाजूला झुकतो. दक्षाच्या मनात आहे की केक इथे करायचा आणि वरची मलई दुकानातल्या डब्यातली घ्यायची नाही. ती तेलाची असते, टाळूला चिकटते, असं तिचं म्हणणं. मलई घरच्या दुधाचीच पाहिजे, आणि फेटून अशी उभी राहिली पाहिजे की तिची फुलं काढता येतील.

मी म्हटलं, "साय कवा उभी राहते का गं?"

"राहते, आई. नाहीतर चांदरी कशाला हाय आपल्याकडे?"

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दक्षाने आठ दिवस दूध तापवून तापवून साय जमवली होती, मला भाकरीबरोबर चाटूभरसुद्धा दिली नाही. आज ती फेटायला घेतली. विजेवरचं फेटायचं यंत्र आहे तिच्याकडे, घोंगावणाऱ्या भुंग्यासारखं. घरभर घों घों. आधी गुठळ्या झाल्या, मग पाणी सुटलं आणि मग पिवळट गोळा वर आला.

मला हसू आवरेना. तिला म्हटलं, "हे करायला यंत्र लागतं होय? माझी आई हे रवीने करायची, आणि ती बिजली नसलेल्या गावात राहायची."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. बोटाने लोणी चाटलं, थोडं मीठ लावून मला भाकरीवर दिलं आणि म्हणाली, "तापवलेल्या दुधाची साय नाही चालणार. कणी पडते तिच्यात." मग यंत्र धुवायला बसली.

लोणी चांगलं होतं. आमच्याकडे लोणी आलं म्हणून कोणी तोंड पाडत नाही, तिनेही पाडलं नाही हे मला आवडलं. ते तिला सांगितलं नाही. चार दिवस सासूचे असतात, ते असे फुकट कशाला घालवा?

२७ जानेवारी, रविवार

आज माझ्या हातून घोळ झाला. लिहूनच टाकते.

डेअरीत कच्च्या दुधाची मलई वेगळी काढायचं हाताने फिरवायचं यंत्र आहे. दक्षाने डेअरीवाल्याला गोड बोलून चांदरीचं दूध त्यातून फिरवून घेतलं. दाट, पांढरीशुभ्र मलई निघाली. ती तिने गरम करून लगेच गार केली आणि दिवसभर फ्रिजमध्ये ठेवली. पातेलंही फ्रिजमध्ये, फेटायचे दांडेही फ्रिजमध्ये. मला वाटलं आता मलाही आत बसवते.

तेवढ्यात वीज गेली. तिने हाताची तारेची फेटणी घेतली आणि आम्ही पाळीपाळीने फेटायला लागलो. पातळ होतं ते हळूहळू जाड झालं. फेटणीच्या मागे रेघा उमटू लागल्या. दक्षा म्हणाली, "आई, मी थांबा म्हटलं की थांबायचं." पाळी माझी होती.

आणि जमीन हलली. दक्षा ओरडली, "चांदरी!" आणि गोठ्याकडे पळाली, म्हशीचं दावं सोडायला. मीही बाहेर पळाले, पातेलं काखेत धरून. पण हात थांबला नाही. अंगणात सगळी आळी जमली होती, शेजारचा काकड्या बायकोला हाका मारत होता, आणि मी मधोमध उभी राहून फेटत होते. आता येल, आता येल असं मनात चाललं होतं. लहानपणापासून माझ्या हाताला एवढंच ठाऊक आहे की वरचं जाड झालं की सोडायचं नाही, लोणी येईपर्यंत हलवायचं. मधेच सोडलं तर आई पाठीत धपाटा घालायची.

जमीन थांबली आणि पातेल्यात गोळा आला. मी जोरात म्हटलं, "आलं गं, आलं." काकड्याला वाटलं दुसरा धक्का आला, तो पुन्हा पळाला.

दक्षाने पातेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग अंगणात बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. मला तिचा राग आला आणि स्वतःचा जास्त आला. एवढ्या मलईचं लोणी झालं आणि मी विजयाने ओरडले.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मोठे धक्के बसले. माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. स्वयंपाकघराची कौलं खाली आली. माणसं आणि चांदरी धड आहोत. अंगणात ताडपत्री बांधली आहे.

प्रविण आला. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आजच चला." दक्षा म्हणाली, "विनोदभाऊचं लग्न होऊ द्या." विनोद माझ्या भावाचा मुलगा, सायवनचा. त्याचं मे महिन्यात लग्न आहे, आणि हळदीचा केक आपण करायचा असं दक्षाने त्याला सांगून ठेवलं आहे. प्रविण म्हणाला, "बरं. पण त्यानंतर मी ऐकणार नाही." दोघे बराच वेळ अंगणाच्या कडेला उभे राहून हळू आवाजात बोलत होते. नवरा-बायकोचं बोलणं, मी कान दिला नाही. दिला होता, ऐकू आलं नाही.

मला भीती वाटते. घराची वाटते. आणि वापीची त्याहून जास्त वाटते. त्या खोलीत मी काय करणार? कोणाला पाणी दाखवणार?

१९ फेब्रुवारी, मंगळवार

उभी राहिली.

ताडपत्रीखाली, लाकडी पाटावर, बर्फाच्या घमेल्यात पातेलं ठेवून दक्षाने फेटली. आधी हळू, मग जोरात. दाटायला लागल्यावर दळलेली साखर आणि चमचाभर दूध-पावडर. मला तिने फेटायला दिलं नाही, फक्त घमेलं धरायला दिलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. रेघा उमटल्या, तिचा हात हळू झाला, आणखी हळू झाला, आणि थांबला. मला वाटत होतं अजून चार हात मार. ओठ आवळून बसले.

तिने फेटणी वर उचलली. तिच्या टोकाला मलईचं शेंडीसारखं टोक आलं आणि तसंच राहिलं, वाकलं नाही. मग बाईने काय करावं? पातेलं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर पालथं धरलं. मी डोळे मिटले. उघडले तर ती तशीच उभी, पातेलं डोक्यावर, केसांवर एक थेंब नाही. म्हणते, "जुओ आई, सारू झालं ने?"

मी बोट घातलं. कापसाला वजन नसतं तसं त्याला वजन नव्हतं, आणि जिभेवर ठेवलं की आमच्या चांदरीचं दूध. तेच दूध. मी आयुष्यभर दूध, साय, विरजण, ताक, लोणी, तूप हे सगळं केलं. लोण्याच्या अलीकडे असं काही असतं आणि तिथे थांबायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही दरवेळी त्याच्यावरून पुढे निघून जात होतो.

दुपारी तिने ताटलीत फुलं काढून ठेवली होती. हलका धक्का आला. ताटली पाटावर वाजली. फुलं थरथरली आणि तशीच उभी राहिली. भिंतीपेक्षा बरी म्हटलं मी.

सून हुशार आहे हे मान्य करायला हरकत नाही. डायरीत तरी नाही.

१२ मार्च, मंगळवार

काल तलासरीच्या चिमीचा वाढदिवस होता. चिमी माझ्या अंगणवाडीतल्या बाईंची नात, म्हणजे आबरूचा प्रश्न. केक सुरेख झाला होता. वर मलईची फुलं, मधे आपल्याकडच्या सुक्या चिकूच्या चकत्या. ओला चिकू घातला की त्याचं पाणी सुटून मलई वाहते, हे दक्षाला दोन केक वाया घालवून कळलं.

ऊन वाढलं आहे, म्हणून विनोदला सांगून डहाणूहून बर्फ मागवला. त्याची इको गाडी सायवन-डहाणू चालते. त्याने बंदरावरून बर्फ आणला, पांढऱ्या थर्मोकोलच्या डब्यात. डबा छान घट्ट झाकणाचा होता. आम्ही बर्फावर पत्रा ठेवला, पत्र्यावर केक, वर झाकण, आणि तलासरीला नेला.

झाकण उघडलं. केक जसाच्या तसा. एक फूल हललं नव्हतं. बाईंनी वाकून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी घेतला. बोंबील.

डबा मासळीचा होता. मलई दुसऱ्याचा वास किती पटकन घेते हे मला माहीत होतं, आम्ही दुधाशेजारी कांदा ठेवत नाही. पण डबा दिसायला इतका स्वच्छ की डोक्यातच आलं नाही. माझं तोंड एवढं एवढं झालं. मी विनोदवर, बर्फावर, बंदरावर, सगळ्यांवर बोलायला लागले. दक्षाने माझा हात दाबला. बाईंना म्हणाली, "काकी, चूक आमची हाय. उद्या संध्याकाळी दुसरा आणते. आज चिमीला मेणबत्ती ह्याच्यावर फुंकू द्या, खाऊ नका." आणि चिमीबरोबर स्वतः टाळ्या वाजवायला उभी राहिली. मी तिच्या जागी असते तर तोंड लपवून पळाले असते.

केक परत आणला. काकड्याने एकट्याने संपवला. म्हणाला, "बेस हाय. सुकट घालून पुन्हा कर."

आज दुसरा केक पोचवला. बाईंनी दोन बोटं चाटली आणि मला म्हणाल्या, "सून जपून ठेव." मी म्हटलं, "ठेवायची कुठं, ती वापीला चालली."

४ एप्रिल, गुरुवार

मन बरं नाही.

दक्षाने आज कौलं चाळणाऱ्याला बोलावलं. पावसाआधी नीट करून घेऊ म्हणते. बंद घर गळू नये म्हणून असेल. कुंपणाला भोपळ्याच्या बिया टोचल्या. मी म्हटलं, "खाणार कोण?" तर हसली आणि आणखी एक बी टोचली. शेजाऱ्यांसाठी पुण्य करून चालली असेल. गोठ्यात चांदरीशी गुजरातीत बोलत असते, निरोप घेत असेल. माणूस जायचं ठरलं की असा मायाळू होतो. आमचे हे जायच्या आधी महिनाभर मला एकदाही टाकून बोलले नव्हते.

आणि आज फोनवर प्रविणला म्हणताना मी ऐकलं, "सायवनचं जमलं ने, की तुम्ही बोललात तसं करायचं. मग मागे फिरायचं नाही." मागे फिरायचं नाही. म्हणजे विनोदच्या लग्नातल्या केकचे पैसे आले की वापीच्या खोलीचं सामान घ्यायचं. तिची काय चूक? भेगा पडलेल्या भिंतीत, म्हातारीबरोबर, शेणात हात घालून कोण राहील? मी तिच्या वयाची असते तर टेम्पोच्या आधी पळाले असते.

पण मला ती गेलेली नको आहे. लिहिलं. आता पुसायचं नाही. सकाळी तिचा मोठा आवाज ऐकल्याशिवाय मला आता उठवत नाही. ती केसांत मलई लागेल म्हणून डोक्याला फडकं बांधते आणि ते दिवसभर सोडायला विसरते, ते बघायला मला आवडतं. ती चुकली की हसते. मी चुकले की आयुष्यभर भांडले. हे तिला सांगणार कसं, आणि सांगून तिला अडवणार का? माझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा बोलायला लागले की लोणी येईपर्यंत सोडणार नाही. गप्प बसलेलं बरं.

१२ मे, रविवार

काल हळद झाली, आज लग्न. हात अजून दुखतात. पण आज लिहायचंच.

दोन दिवस आधी डेअरीतून मलई काढून आणली. काल सकाळी विनोदच आम्हाला न्यायला आला, या वेळी बर्फ थेट कारखान्यातून, नव्या डब्यात. दक्षाने ठरवलं होतं की मलई इथे फेटायची नाही. तलासरी, उधवा, सायवन एवढा रस्ता, त्यात उन्हाचा मारा. "ती चालत्या गाडीत दमते, आई. तिथे जाऊन फेटू." म्हणून केकचे थर वेगळे, आणि पातळ मलई दुधाच्या कॅनमध्ये, बर्फात रुतवून, वर जाडं मीठ. मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो. मला हे माहीत नव्हतं, विनोदला होतं, कुल्फीवाल्यामुळे.

माझ्या भावाच्या घरी मांडव, तारा, दिवे, मोठमोठ्या पेट्यांचा डीजे. आम्ही पडवीत सामान लावलं. दक्षाने यंत्राची वायर लावली, आणि तेवढ्यात डीजेवाल्याने पेट्या चालू केल्या. एक गाणं अर्धं वाजलं आणि सगळ्या पाड्याची वीज गेली. विनोदने विचारून आणलं, डीपीचा फ्यूज उडाला, माणूस कासाहून येईल तेव्हा येईल. जनरेटर डीजेवाल्याने आणला नव्हता. हाताची फेटणी आम्ही वेवजीला विसरलो होतो. मी विसरले होते. तिने मला पिशवीत टाकायला सांगितली होती.

नवरी जयश्री डहाणूची. तिच्याकडची शहरी माणसं हळद घेऊन वाटेवर होती. माझी भावजय मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, नाय जमलं तर डहाणूहून मागवू." दक्षाने ते ऐकलं. तिचा चेहरा पहिल्यांदा पडलेला बघितला. बर्फ पाणी होत होता. ती कॅनवर हात ठेवून उभी होती आणि हळूच म्हणाली, "आज नाही झालं तर सगळंच गेलं, आई." मला वाटलं वापीचं सामान गेलं म्हणते. तरीही वाटलं, तिला जे पाहिजे ते तिला मिळायला पाहिजे, मग ते मला नको असलं तरी.

मी भावजयीला विचारलं, "रवी हाय काय घरात?"

होती. खांबाला रवी अडकवायची कडी होती, दोरीही होती. मी रवी उकळत्या पाण्याने दोनदा धुतली, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली, आणि वासही घेतला, बोंबलाची आठवण होती. कॅन बर्फामिठाच्या घमेल्यात, रवी कॅनमध्ये, दोरीचे वेढे रवीला. एरवी एकटी बाई दोन्ही टोकं ओढते. पण मलई जड होती आणि माझा एक खांदा कामाचा नाही. दक्षाला म्हटलं, "ते टोक धर. मी ओढलं की तू सोड, तू ओढलं की मी सोडते. घाई करू नको."

समोरासमोर बसलो. आधी जमेना, दोघी एकदम ओढायचो आणि दोरी ताठ व्हायची. मग जमलं. लग्न लावणारी धवलेरी सुकी, माझ्याहून म्हातारी, शेजारी गाणं पुटपुटत बसली होती. ती आमच्या दोरीवर ठेका धरून म्हणायला लागली. पडवीत बायका जमल्या. मलई पातळ होती तोवर घुसळ घुसळ आवाज येत होता. मग आवाज जाडावला. दक्षाने एका हाताने साखर सोडली. पुन्हा ओढायला लागलो.

आता माझी भीती लिहिते. फेटताना तिला फेटणीच्या रेघा दिसायच्या. रवीखाली कॅनमध्ये तिला काही दिसत नव्हतं, अंधार. थांबायचं कधी हे तिच्या डोळ्यांना कळणार नव्हतं, फक्त हाताला कळलं तर कळणार. आणि तिच्या हाताला दोरीची सवय नाही. माझ्या हाताला सवय आहे, ती पुढे जायची. दोरी जड झाली. माझा हात ती ओळखतो, हे आलं, आता जोर लाव, आता येल. खांदा आपोआप पुढे झुकला. भिंतीमागून आई बघते आहे असं वाटलं.

मी हात उघडला. दोरीचं टोक सोडून दिलं.

आणि समोरून दक्षानेही सोडलं. त्याच वेळी. दोरी दोघींच्या मधे खाली पडली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कोणी कोणाला थांब म्हटलं नव्हतं.

सुकीने गाणं थांबवून विचारलं, "काय गं, अर्ध्यात सोडलास? लोणी नाय आला अजून."

दक्षा म्हणाली, "आज्जी, आज लोणी नको." रवी वर काढली. पाकळ्यांवर मलई चढून बसली होती, टोक वर करून. खाली एक थेंब पडला नाही. सुकीने बोट लावून चाखलं, मग म्हणाली, "दात नसल्याला बेस हाय," आणि दुसरं बोट घातलं.

जयश्रीची माणसं आली तेव्हा केक टेबलावर होता. तीन थर, वर फुलं, कडेला चिकूच्या चकत्या. वीज आली, डीजे लागला, पेट्यांनी टेबल थरथरत होतं. मी टेबलाजवळून हलले नाही, हळद लागली तरी तिथेच उभी. एकही फूल पडलं नाही. डहाणूच्या एका बाईने विचारलं, "कुठल्या दुकानाचा?" मी म्हटलं, "माझ्या सुनेचा." इतक्या मोठ्याने म्हटलं की डीजेवर ऐकू गेलं. दक्षा डोक्याला फडकं बांधून कोपऱ्यात बसली होती, मनगट चोळत. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. बायकांना सांगितलं हळद गेली डोळ्यांत.

१९ मे, रविवार

सकाळी प्रविण टेम्पो घेऊन आला. मला वाटलं चांदरीसाठी. मी आठवडाभर एक वाक्य पाठ केलं होतं, "जा बाळांनो, सुखाने राहा, मीही येते." अंगणात जाऊन चांदरीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले, म्हणजे वाक्य बोलताना आधार.

टेम्पोतून पत्रे उतरले. लोखंडी खांब उतरले. मग एक मोठं आडवं डीप फ्रीझर, जुनं, कडा गंजलेलं. प्रविण म्हणाला, "आई, माजघरावरची कौलं काढून पत्रे टाकू. धक्का आला तरी डोक्यात काही पडणार नाही. भिंतीला खांब देऊ."

मी विचारलं, "आणि वापी?"

"वापीला मी हायच की. शनिवारी येईन." मग दक्षाकडे बघून म्हणाला, "तुझ्या सुनेने फेब्रुवारीत माझ्याकडून शब्द घेतला. सायवनचं काम जमलं तर घर चालू, म्हैस इथेच, आणि ती तुझ्याजवळ राहणार. नाही जमलं तर मी म्हणेन तसं. मला वाटलं होतं नाही जमणार."

मी दक्षाला म्हटलं, "मला का नाय सांगितलंस?"

ती म्हणाली, "नसतं जमलं, तर तुम्हाला दोनदा वाईट वाटलं असतं ने."

फ्रिज, कौलं, भोपळ्याच्या बिया. मी मागची पानं वाचणार नाही, लाज वाटेल. शहाणी म्हणवून घेते आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही. तिने माझ्यासाठी हे सगळं मनात धरून ठेवलं, जानेवारीपासून, इतका मोठा आवाज असून.

संध्याकाळी ती धार काढायला बसली होती. मी गोठ्यात गेले. मला खूप बोलायचं होतं. तू माझी पोर आहेस, तू गेली असतीस तर मी त्या खोलीत महिनाभरही टिकले नसते, तुझ्यासारखी मी आयुष्यात बघितली नाही. सगळं तोंडाशी आलं होतं.

म्हटलं, "हो बाजूला, चारा मी टाकते. तुझं मनगट दुखतंय."

ती म्हणाली, "थोडंसं."

आणखी काही म्हणावं असं वाटलं, आणि मी तिथेच थांबले. तिने वर बघितलं, हसली, आणि पुन्हा धार काढू लागली. चांदरीने आज दूध चांगलं दिलं.